फ्रिजमधले फोन

संशय घेऊ नये, असं कुणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं. आधी आमच्या रशियातल्या सारातोवमध्ये राहून दाखव म्हणावं, मग शिकव. आख्खं आयुष्य मी तिथल्या संगीतशाळेत पियानो शिकवला. युद्ध सुरू झालं आणि वरून हुकूम आला, मुलांकडून लढाईची गाणी बसवून घ्या. मी म्हटलं, माझ्या वर्गात नाही. एवढंच म्हटलं, तेही दार लावून. पुढच्याच आठवड्यात माझं ते वाक्य पोलीस ठाण्यातल्या टेबलावर वाजत होतं, माझ्याच आवाजात. रेकॉर्ड कुणी केलं होतं? दर नवीन वर्षाला मला चेरीचा मुरंबा आणून देणाऱ्या बाईने. माझ्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थिनीच्या आईने. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी त्याचे हात बघते, फोन कुठे धरलाय ते.

त्याच वसंतात मी सरहद्द ओलांडून जॉर्जियात, तिबिलिसीला निघून आले. इग्नात, माझा एकुलता एक, मागे राहिला. "तू जा आई, मला काय धाड भरलीय?" म्हणाला. त्याची नोकरी तिथे, मित्र तिथे, मांजर तिथे. हट्टी आहे पोरगं, पण माझं ऐकतं. लहानपणापासून ऐकत आलंय. पियानोवर बसला की माझं लक्ष चुकलेल्या सुराकडेच जायचं. वाजवून झालं की तो मान वळवून बघायचा, आणि मी म्हणायचे, "पुन्हा." शाबासकी देण्याच्या बाबतीत माझा हात फार आखडता, हे मी आधीच सांगून ठेवते.

तिबिलिसीत आम्ही देश सोडून आलेले रशियन लामाराच्या घरी भाड्याने राहायचो. लामारा आमची घरमालकीण, खालच्या मजल्यावर राहायची, जिभेला हाड नाही. गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर कुणीतरी मोठ्या अक्षरांत 'रशियनांनो, घरी जा' लिहिलं होतं. मी पहिल्या दिवशी ते वाचत उभी राहिले तर ही बया गॅलरीतून ओरडली, "वाचून झालं असेल तर वर ये, चहा गार होतोय!" तिच्या भावाचं घर आमच्या रणगाड्यांनी पाडलं होतं, रशिया-जॉर्जियाच्या आधीच्या लढाईत. ते ती विसरली नव्हती आणि आम्हाला विसरूही देत नव्हती.

वरच्या मजल्यावर माझ्याखेरीज एदिक होता. तो नाटकमंडळीत दिव्यांचं काम करायचा. तिकडे युद्धाविरुद्धच्या मोर्चात उभा राहिला म्हणून पंधरवडाभर कोठडीत बसून आलेला, आणि त्या पंधरवड्याच्या जोरावर आमचा पुढारी झालेला. फ्रिजचा नियम त्याचाच. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की सगळ्यांनी आपापले फोन आवाज बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे पलीकडून कुणाला ऐकू जात नाही. आमच्याकडे हे बरेच जण करतात. फ्रिज बाहेर बोळात होता, आम्ही आत स्वयंपाकघरात बसायचो, दार लावून, नळ सोडून, रेडिओ लावून. लामारा कपाळाला हात लावायची. "माझ्या चीजच्या बरणीला सर्दी झाली तुमच्या फोनांमुळे," म्हणायची. "तुम्ही खुशाल एकमेकांवर संशय घ्या. आम्ही तुम्हा सगळ्यांवर घेतो, तेवढंच आम्हाला सोपं."

उन्हाळा संपता संपता तिसरा भाडेकरू आला, प्लातोन. रियाझानचा, दातांच्या कवळ्या बनवणारा, चाळिशीतला. त्याला बघितलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. केस बारीक कापलेले, शिपायासारखे. बूट चकाचक. देश सोडून आलेला माणूस दोन पेले पोटात गेले की सरकारला शिव्या घालतो, ही रीतच आहे. हा पठ्ठ्या नुसता मान हलवायचा. आणि फोन एक नाही, दोन! पहिला खिशात, दुसरा मोज्यांच्या पिशवीत. दुसरा वाजला की जिना उतरून खाली अंगणात जायचा, कोपऱ्यात तुतीखाली उभा राहून बोलायचा. आम्ही खिडकीशी गेलो की आवाज खाली करायचा.

"रायसा ल्वोव्ना, हा त्यांचाच माणूस," एदिक मला म्हणाला.

"ते मला तू सांगतोस? मी पहिल्या दिवशी ओळखलं," मी म्हटलं.

आणि मग सप्टेंबरात तिकडे सक्तीच्या सैन्यभरतीचा हुकूम निघाला. तरण्या पोरांना घरातून, कारखान्यातून, मेट्रोच्या दारातून उचलायला लागले. इग्नातचं मांजर शेजारणीकडे गेलं आणि इग्नात पाठीला पिशवी लावून दक्षिणेकडे निघाला, डोंगरातल्या लार्सच्या नाक्याकडे. तो नाका ओलांडला की जॉर्जिया, आणि तिथे मी. पण तिथे पायी जाऊ देत नाहीत, कुठल्यातरी गाडीत बसलेलं असावं लागतं. गाड्यांची रांग कित्येक किलोमीटर. ज्याच्या गाडीतून तो आला, त्या चोराने ऐनवेळी दुप्पट पैसे मागितले आणि पोराला पेट्रोल पंपाशी उतरवून दिलं. आता तो रांगेच्या कडेने चालत प्रत्येक खिडकीवर टकटक करत होता. माझा जीव टांगणीला लागला होता.

मी त्याला फोनवर पढवत होते. "हे बघ, तिथे साध्या कपड्यातले लोक फिरत असणार. ज्याला तुझं नाव आधीच ठाऊक असेल, त्याच्या गाडीत पाय ठेवायचा नाही. किती का गोड बोलेना! आधी मला फोन. मी हो म्हटलं तरच बसायचं."

"हो गं आई."

"हो गं नको. म्हणून दाखव."

त्याने शाळेतल्या पोरासारखं सगळं म्हणून दाखवलं.

रविवारी सकाळी मी कुट्टूची लापशी ढवळत होते. प्लातोन शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "रायसा ल्वोव्ना, इग्नातने जॅकेट कुठल्या रंगाचं घातलंय? पिवळंच ना?"

चमचा मी तसाच भांड्यात सोडला. पोराचं नाव मी याला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर बोलताना ऐकलं असणार, दाराला कान लावून. आणि जॅकेट! जॅकेटचा रंग कुणाला लागतो? गर्दीतून माणूस वेचून काढायचा असतो त्याला. मी तडक एदिकच्या खोलीत गेले.

एदिक तर याचीच वाट बघत होता. त्याने बोळात उभं राहून मोठ्याने सांगितलं, "सगळ्यांचे फोन आत." मी माझा ठेवला, त्याने त्याचा ठेवला. प्लातोनला म्हणाला, "दोन्ही." प्लातोन हसला. "अहो, फ्रिजने काही होत नाही," म्हणाला, पण ठेवले. फ्रिजचं दार लागलं, स्वयंपाकघराचं दार लागलं, नळ सुटला, रेडिओवर कुठलीतरी बाई जॉर्जियनमध्ये गायला लागली. एदिक दाराला पाठ लावून उभा राहिला, कमिशनर असल्यासारखा.

"कुणासाठी काम करतोस?"

"कवळ्या बनवतो मी."

"इथे आम्ही गंमत करायला बसलो नाही. तिच्या पोराचं नाव काय, जॅकेटचा रंग काय, तुला कशाला हवं?"

प्लातोनने माझ्याकडे बघितलं. "माझा मित्र आहे साव्वा. लार्सच्या रांगेत आहे, मिनीबस घेऊन. एक जागा उरली होती. मी त्याला तुमच्या इग्नातचं नाव सांगितलंय, तुमचं सांगितलंय. पंपाशी शोध म्हटलंय. जॅकेटचं तेवढं नक्की नव्हतं."

"सांगितलंस?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मला न विचारता माझ्या पोराचं नाव परक्या माणसाला दिलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"म्हटलंच असतं! कोण तू? अंगणात लपून कुणाशी बोलतोस? दुसरा फोन कुणाचा?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वडिलांसाठी आहे तो," म्हणाला.

"सगळ्यांना वडील असतात," एदिक म्हणाला. "पुढे बोल."

तो पुढे काही बोलेना. एदिक विचारत राहिला. कुठे काम केलंस, सैन्यात कधी होतास, इथला पत्ता कुणी दिला. तेच तेच, उलटसुलट, कोठडीत त्याला जसं विचारलं होतं अगदी तसंच. मला ते दिसत होतं आणि, खरं सांगते, बरंही वाटत होतं. एकदा तरी आपल्यातलं कुणी टेबलाच्या या बाजूला बसलंय, असं वाटत होतं. लापशी तळाला लागून करपली, तरी आम्ही उठलो नाही.

मग दार धाडधाड वाजलं. लामारा. एदिकने फटीतून डोकं काढलं. "बाई, नंतर या, महत्त्वाचं चाललंय."

"गेलं चुलीत तुझं महत्त्वाचं! घर माझं आहे." तिने त्याला दारासकट ढकललं. करपलेल्या भांड्याकडे बघितलं, प्लातोनकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. ती हसायलाच लागली. "याला पकडलंत? हेर म्हणून? अरे देवा! या बिचाऱ्याला?"

"तुम्हाला काय ठाऊक?" मी म्हटलं.

"मला ठाऊक नसेल तर कुणाला? माझ्या खिडकीखाली उभा राहतो रोज. मला काय रशियन कळत नाही? म्हातारा बाप आहे त्याचा तिकडे, दिवसभर टीव्हीसमोर बसणारा. हा विचारतो, 'बाबा, छातीची गोळी घेतलीत का?' आणि तो म्हातारा किंचाळतो, 'देशद्रोही, पुन्हा फोन केलास तर तुझं नाव पोलिसात देईन!' माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येतं. हा पुन्हा विचारतो, 'ते द्या बाबा, पण गोळी घेतलीत का?' रोज! माझ्या सख्ख्या मुलाने मला इतक्या वेळा विचारलं असतं तर मी सोन्याने मढवला असता त्याला."

प्लातोन खाली बघत होता. त्याला शरम वाटत होती, माझ्यासारखीला आपला बाप कसा आहे ते कळल्याची. तो लपवत होता ते एवढंच. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, काय सांगू. पण त्याहून जास्त, आत काहीतरी एकदम मोकळं झालं. म्हणजे मित्र खरा! मिनीबस खरी! जागा खरी! माझं पोर संध्याकाळी या टेबलाशी बसून जेवणार!

"प्लातोन, बाळा," मी त्याचा हातच धरला, "तो साव्वा अजून असेल ना तिथे? मी आत्ता सांगते इग्नातला, डोळे मिटून बस म्हणते."

"आणि मी वर कशाला आले होते ते ऐका आधी," लामारा म्हणाली. "ते तुमचे फोन काढा माझ्या फ्रिजमधून. मघापासून एक गुरगुरतोय. बरणी थरथरतेय नुसती."

मी बोळात कशी पोचले ते मला आठवत नाही. फोन थंडगार पडला होता. इग्नातचे फोनवर फोन येऊन गेले होते. खाली त्याचे निरोप.

'आई, साव्वा म्हणून एक माणूस आलाय. मिनीबस आहे. माझं नाव माहीत आहे त्याला. तुझंही. बसू का?'

'आई, उचल ना.'

'रांग सरकतेय. तो म्हणतो, आता थांबता येत नाही.'

'गेला.'

प्लातोनने त्याच्या फोनवर साव्वाला गाठलं होतं. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, मागे लोक हसत होते, कुणीतरी रडतही होतं. साव्वा नाक्याच्या या बाजूला पोचला होता. "तुझं ते पिवळं जॅकेट बसायलाच तयार होईना रे!" तो ओरडून सांगत होता. "किती समजावलं! शेवटी जागा दुसऱ्या एका पोराला दिली." प्लातोनने फोन छातीशी दाबला आणि माझ्याकडे पाठ केली.

मी इग्नातला लावला. एका रिंगमध्ये उचलला त्याने.

"आई! कुठे होतीस? ऐक, तू म्हणाली होतीस अगदी तस्संच झालं. एक जण आला, माझं नाव, तुझं नाव, सगळं पाठ करून आलेला. रंगसुद्धा माहीत होता जॅकेटचा! मी ओळखलं लगेच. नाही बसलो. खूप आग्रह करत होता, पण नाहीच बसलो."

"आता कुठे आहेस?" मी विचारलं.

"तिथेच, थोडा पुढे. आता इथे एक गाडी येऊन उभी राहिलीय, भरती कचेरीची. बाहेर टेबल मांडलंय. जे पायी आहेत त्यांना बोलावून पासपोर्ट घेताहेत. गाडीतल्यांना जाऊ देताहेत अजून. माझा घेतलाय आत्ताच. थांब म्हणालेत." त्याचा आवाज जरा खाली आला. "कागद लिहिताहेत काहीतरी."

बोळात एदिक होता, लामारा होती, प्लातोन होता. आत नळ तसाच वाहत होता.

"आई, मी त्या गाडीत नाही बसलो. बरोबर केलं ना?"

लहानपणी वाजवून झालं की जशी मान वळवायचा, तशी त्याने तिथे टेबलासमोर वळवली असणार. मला ती दिसली.

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर केलंस, राजा."