सुकन्याची इर्जिक

पयलंच सांगते, मला मशिनीतलं काय कळत न्हाई, अन् कळतंय असा आवबी मी आनत न्हाई. माझी पिठाची गिरणी हाय. पट्टा तुटला की दोन शिव्या हासडते अन् नवा चढवते, एवढंच माझं शिक्षण. पन त्या ऐतवारी आमच्या वस्तीवर जे झालं त्यात समद्यात आधी तोंड मी घातलं हुतं, मंग सांगायचा हक्कबी माझाच.

आमची वस्ती पाथर्डीकडच्या डोंगराच्या पायथ्याला. पायथा म्हंजी नुस्तं म्हनायला, खरं तर खड्डाच. मोबाईलला रेंज न्हाई. कुनाला बोलायचं असलं की वर कानिफनाथाच्या देवळापाशी चढायचं, तिथं मातर रेंज भरभरून. देवाची दया म्हना न्हाईतर टॉवरची.

दसरा झाला की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाती. माझा धाकटा भाऊ छगन अन् त्याची बायको कौसल्या दरसाल श्रीगोंद्याकडं जात्यात. त्यांची पोरगी सुकन्या औंदा धावीला. मी म्हनले, पोरगी माझ्यापाशी राहू द्या, मला तरी कोन हाय? नवरा गेल्यापून मी आन् गिरणी, दोघीच एकमेकींवर आरडतो.

कौसल्या म्हनली, "वन्सं, तुमच्यावर इस्वास हाय. पन पलीकडच्या वस्तीवरची पोर गेल्या साली तापानं फनफनली, अन् आईबापाला कळलं तवा ती दवाखान्यात हुती. मला रोज सांजच्याला माझ्या पोरीचं तोंड दिसलं पायजे. त्याबिगर मी तिला ठिवायची न्हाई."

"मंग रोज डोंगरावर जाऊन फोन करील की!"

"एकटी पोर, दिवस मावळताना, त्या डोंगरावर?"

तिचं खरंच हुतं. पन एकदा का सुकन्या उसाच्या फडात गेली की धावी गेली, अन् धावी गेली की उन्हाळ्यात कुनीतरी तिचं स्थळ घिऊन दारात उभं राहतंय. हे आमाला दोघींनाबी ठावं हुतं. सुकन्या गुमान वही पुढ्यात घिऊन बसली हुती. पान काय उलटत नव्हती.

त्याच टायमाला राजेश्वरी आली. भिंगारची पोरगी, इंजिनेर, वस्त्यावस्त्यांवर नेट पोचवायचं काम करती, बोलनं लई मऊ. ती म्हनली, देवळापाशी एक डबा ठिवायचा, तो मोबाईलचं नेट पकडील. खांबावर एक थाळी बसवायची, ती नेट खाली वस्तीवर फेकील. खाली गिरणीच्या पत्र्यावर दुसरी थाळी, ती झेलील. मंग वस्तीत घरोघर नेट. "फक्त हे तुम्ही सगळ्यांनी मिळून, स्वतःच्या हातानं करायचं," ती म्हनली. "म्हणजे उद्या बिघडलं तर तुम्हालाच दुरुस्त करता येईल."

लई बेस. तिनं शाळेच्या भिंतीला कागद चिकटवला, 'सामुदायिक वायरलेस कार्यशाळा'. चार जन आले. त्यातले दोघं चहा पिऊन गेले.

बिचारी रडायला आली. म्या म्हनलं, "बाई, कार्यशाळेला कोन येतंय? इर्जिक घाल."

तिला इर्जिक ठावं नव्हतं. भिंगारात कुठलं असायला! म्या सांगितलं. एकाचं रान नांगरायचं राहिलं, तर समद्यांनी आपापली बैलं, आपापली औतं घिऊन जायचं अन् एका दिसात त्याचं रान उलथून द्यायचं. ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं. अन् शेवटचं तास, म्हंजी नांगराची शेवटची रेघ, निघाल्याबिगर कुनी औत सोडायचं न्हाई.

सांजच्याला पारावर म्या ओरडून सांगितलं, ऐतवारी इर्जिक हाय. लगेच कुनीतरी इचारलं, "कुनाची?"

राजेश्वरी म्हनली, "सगळ्यांची."

मानसं एकमेकांकडं बघायला लागली. समद्यांची म्हंजी कुनाचीच न्हाई. इर्जिकीला घरधनी लागतोच. मंग माझ्या तोंडातून निघून गेलं, "सुकन्याची! पोरीला धावीला ठिवायची हाय. तिच्या आईला रोज तिचं तोंड दिसलं पायजे. बोला, येताव का न्हाई?"

समदे व्हय म्हनले. फकस्त छगन उठून गेला.

घरी येऊन माझ्यावर असा काय उखडला! "आक्का, माझ्या घरातलं पारावर कशाला मांडलं? मी कुनाफुडं हात पसरला हुता?"

"हात न्हाई पसरला, तोंड मी पसरलं," म्या म्हनलं. "अन् तू गप बस. उद्याच्याला पोरगी तुला इचारील, माझ्यासाठी काय केलं, तवा सांग तिला, मी रुसलो हुतो म्हनून."

तो भिंतीकडं तोंड करून झोपला. सोमवारी सकाळी मुकादमाचा ट्रक येनार हुता. कौसल्यानं बोचकी बांधाया घेतली, सुकन्याचंबी एक.

ऐतवारी मातर उजाडताच मानसं हजर! कुनी टिकाव, कुनी पहार, कुनी दोरखंड. बचत गटाच्या बायांनी गिरणीच्या ओट्यावर वायरी सोलून त्यांची टोकं बसवायला घेतली. आठ रंगाच्या बारीक तारा, एक इकडची तिकडं झाली की समदं वाया. राजेश्वरी एकीएकीपाशी बसून दाखवत हुती. म्हातारी दगडाबाई तर चष्मा कपाळावर ठिवून शिकवाया लागली, तवा हसून हसून आमची पुरेवाट. कौसल्यानं चुलीवर हुलग्याचे शेंगोळे घातले. घरधनीन तीच ना!

वर डोंगरावर खांब मातर उठंना. लोखंडाचा लांबलचक पाइप, वर थाळी. राजेश्वरीनं तो आडवा असतानाच थाळी बसवून दिली, वस्तीकडं तोंड ठिवा म्हनून सांगितलं अन् ती गिरणीवरची थाळी बसवाया खाली आली. वर दोनदा खांब उचलला, दोनदा कलला. देवळाचा पुजारी आसाराम म्हनला, "हे छगनचं काम हाय."

खरंच हुतं. मढीच्या जत्रेला आमच्या गावाची मानाची उंच काठी देवापाशी छगनच नेतो, झुलती काठी एकटा तोलतो. त्याला बोलवाया कोन जानार? सुकन्या गेली. काय बोलली ठावं न्हाई, पन तो पायतान न घालता तिच्यामागं डोंगर चढला. चार जनांना ताणाच्या दोऱ्या धरायला लावल्या, सोता बुडाला खांदा दिला अन् एका दमात खांब उभा! वरून 'कानिफनाथ महाराज की जय' खाली माझ्या गिरणीवर ऐकू आलं.

पन दिवा काय हिरवा हुईना.

गिरणीवरच्या थाळीच्या डब्याला एक दिवा, वरचं नेट आलं की तो हिरवा हुनार; पन तो लालच. राजेश्वरीनं वायर बदलली. टोकं परत कापली, परत बसवली. दुपार कलली, लोकं शेंगोळे जेवून परत जागच्या जागी बसली. कुनी घरी गेलं न्हाई. तास निघालं नव्हतं ना! वरची थाळी खालनं नुस्ता ठिपका दिसायची, तिकडं कुनाचं ध्यानच गेलं न्हाई. कौसल्या आतून बोचकं घिऊन आली अन् माझ्यासमोर त्याची गाठ परत घट्ट केली. मला ते बघवंना.

माझा राग कुनावर तरी निघायचा हुता. छगन वर खांबापाशी बसलेला. म्हनलं, ह्या रुसव्याला तरी झाडते. धापा टाकत वर गेले, तोंड उघडलं, अन् तसंच राहिलं.

राजेश्वरीनं सांगितलं हुतं, दोन थाळ्यांनी एकमेकींच्या तोंडाकडं बघायचं, नळावर भांडताना बाया बघत्यात तसं. हितं तर थाळी देवळाच्या कळसाकडं तोंड करून उभी, अन् वस्तीकडं तिची पाठ!

"आरं छगन, ही कुनीकडं बघतीय?"

"देवाकडं," तो म्हनला. "उचलली तवा पाठ देवाकडं येत हुती, म्हनून फिरवली. काठीची पाठ देवाला कधी दावत्यात का?"

आमच्या बापानं, बापाच्या बापानं काठी देवाकडं तोंड करूनच उभी केली हुती. बाकीच्यांनीबी बघितलं हुतं, पन कुनाला खटकलंच न्हाई. मलाबी खटकलं नसतं. म्या त्याला सांगितलं, ती वस्तीकडं फिरवल्याबिगर दिवा लागायचा न्हाई.

छगन उठला. खांबाला हात लावला अन् हात परत काढला. "माझ्याच्यानं हुनार न्हाई, आक्का. दुसऱ्या कुनाला सांग."

दुसरं कुनी फुडं झालं न्हाई. समद्यांनी आसारामकडं बघितलं. म्हातारा देवळाच्या पायरीवर बसून पाय चोळत हुता.

"छगन," तो म्हनला, "देव रुसला तर त्याची समजूत मी काढीन. रोजचंच हाय माझं. पोरगी रुसली तर तिची तू काढशील का?"

छगननं देवळाकडं बघून हात जोडले. कायतरी पुटपुटला, डोळे पुसले. मंग खांबाला मिठी मारली अन् हळूहळू, एखादं म्हातारं मानूस कुशीवर वळवावं तसा, तो वस्तीकडं फिरवला.

खालून आरडाओरडा झाला. दिवा हिरवा झाला हुता!

कौसल्या फोन घिऊन पळत वर आली. खाली गिरणीवरून सुकन्यानं राजेश्वरीच्या मोबाईलवरून व्हिडिओ लावला. कौसल्याच्या फोनात पोरीचं तोंड आलं, घामेजलेलं, केसात पीठ. एवढा दिवस जिनं डोळ्याला पदर लावला न्हाई ती कौसल्या त्या फोनाला म्हनली, "केस इंचर की गं भवाने," अन् मंग जी रडाया लागली ती थांबंना.

सोमवारी ट्रक आला. छगननं समदी बोचकी वर फेकली, एक उचलून माझ्या ओट्यावर आनून ठिवलं. "सांभाळ," एवढंच म्हनला. पोरीकडं बघितलंबी न्हाई, ट्रकात उडी मारून बसला.

सोमवार वाटेतच गेला. मंगळवारी सांजच्याला सुकन्या गिरणीच्या ओट्यावर माझा फोन घिऊन बसली. म्या गिरणी बंद केली. फोन वाजला. बघतो तर काय, नुस्ता ऊस! मंग कोपीचं, म्हंजी फडातल्या त्यांच्या खोपटाचं, पाचटाचं छप्पर, मंग चुलीपाशी कौसल्या हसत, परत ऊस. छगनचा नुस्ता आवाज येत हुता, "दिसतंय का? दिसतंय का गं बाई?"

"आण्णा, तुमचं तोंड न्हाई दिसत!" सुकन्या ओरडली. "फोनची पाठ माझ्याकडं हाय. फिरवा की इकडं!"

मंग ऊस हलला, आभाळ दिसलं, अन् धुळीनं माखल्यालं, घामानं निथळतं माझ्या भावाचं तोंड समोर आलं.

"घे," तो म्हनला. "फिरवलं."