न धुतलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे, शाळेच्या पाटीएवढी. माझ्या एका अंगावर चांदी मिसळलेली पातळ साय आहे आणि त्या सायीत एका बंदराचा अख्खा धक्का राहतो.

१९०८ सालच्या उन्हाळ्यात, मिशिगन सरोवराकाठच्या एल्म हार्बर गावात, कोरा लिंडक्विस्टबाई पोस्टकार्डांसाठी फोटो काढत. गावचा पांढरा दीपस्तंभ आणि त्याच्याकडे जाणारा लाकडी धक्का पाहुण्यांना फार आवडे. त्या सकाळी बाईंनी मला कॅमेऱ्यात सरकवलं नि डोकं काळ्या कापडाखाली घातलं.

"मी पाच म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही!" त्या ओरडल्या.

ऐकतंय कोण? मुलं पळाली, छत्र्या डुलल्या. माझ्यावर त्यांचा नुसता धूर उमटला. एका कुत्र्याला दोन तोंडं फुटली. फक्त नेल्स नावाचा काळ्याभोर दाढीचा तरुण कोळी मांडीवर जाळं घेऊन स्वस्थ बसला होता. त्या पाच अंकांत मी जेवढा उजेड प्याले, तेवढ्यावरच आजवर जगते आहे.

ते कुत्रं पाहून बाईंनी मला नापास केलं. लगेच दुसरी काच लावली, पण तोवर नेल्स उठून कामाला गेला होता. त्या काचेची कार्डं देशभर फिरली, कौतुक झालं. मी मात्र खोक्यात पडून राहिले. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या वादळात नेल्सची होडी त्याच्यासकट बुडाली. पुढे एका हिवाळ्यात बर्फाने धक्काही मोडून नेला. तीस वर्षांनी बाई वारल्या, दुकान मोडलं आणि आम्हा काचांची खोकी ऑगस्ट ब्रांटने उचलली. तो काचघरात काकड्या पिकवी. त्या काळी अशा जुन्या काचा गरम सोड्याच्या पाण्यात धुऊन छपराला बसवत.

धुवायला बसली होती त्याची बायको इंगा. ती पूर्वी नेल्सची बायको होती. टबात गावची गिरणी, शाळा, मिरवणुका काचांवरून सुटून तरंगत होत्या. माझी पाळी आली. तडा आहे का ते बघायला तिने मला आभाळासमोर धरलं.

आम्हा निगेटिव्ह काचांत काळं ते पांढरं दिसतं नि पांढरं ते काळं. काळ्या आभाळाखाली, काळ्या दीपस्तंभापाशी पांढऱ्या दाढीचा नेल्स बसला होता.

"ऑगस्ट, इकडे ये! अरे, हा नेल्स आहे."

"तुझा नेल्स?"

"सव्विसाव्या वर्षी गेला. एक फोटो नव्हता माझ्याकडे. चेहरा विसरत चालले होते रे." तिने मला आणखी वर धरलं. "आणि बघ ना, माझ्याबरोबर म्हातारा झालाय."

ऑगस्टने डोळे बारीक केले. "माझ्यापेक्षा छान पिकलीय लेकाची दाढी." मग तो छपराकडे बघत म्हणाला, "पण एवढं एकच भोक उरलंय, इंगा. आज थंडीचा कडाका पडणार. सगळ्या काकड्या जातील."

"मग टाक पाण्यात," ती म्हणाली. मला मात्र तिने सोडलं नाही.

मी घाबरले. खाली पाण्यातून वाफ येत होती.

ऑगस्ट घरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात त्या दोघांच्या लग्नाच्या फोटोची, माझ्यासारखीच काच होती. ती त्याने टबात बुडवली.

"अरे, हे काय केलंस!"

"आपण रोज समोरासमोर जेवायला बसतो की. आपल्याला काच कशाला?" म्हणत तो धुतलेली काच घेऊन शिडी चढला.

तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सकाळी ऊन आलं की धक्क्याची सावली टेबलावरच्या पावावर पडते. इंगा ती पुसायला जात नाही. माझ्या एका कोपऱ्यातली साय आता सुटू लागली आहे, पण नेल्सपर्यंत ती पोचायला अजून अवकाश आहे.

मित्रांनो, जुनी काच हाती आली तर धुण्याआधी एकदा उजेडासमोर धरा. तिच्यात कुणाचं तरी माणूस बसलेलं असतं.