पुडीवरचे पाणी

मृणालिनीने वरणभात चमच्याने खाल्ला, तेव्हापासून तिच्या आईला संशय होता.

१९८३ च्या जुलैतली गोष्ट. मृणालिनी त्या उन्हाळ्यात तिच्या ड्रम कोअरबरोबर, म्हणजे कवायत करत बिगुल आणि ड्रम वाजवणाऱ्या तरुणांच्या संघाबरोबर, गावोगाव हिंडत होती. दिवसा बसने प्रवास, रात्री कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोप आणि अधूनमधून स्पर्धा. वाटेत एकदा ती अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या घरी मुक्कामाला आली. ही मुलगी लहानपणापासून वरणभात हातानेच कालवून खायची. चमच्याने खाणाऱ्या मैत्रिणींना सांगायची, "चमच्याला लोखंडाची चव लागते." त्या रात्री तिने स्वतःच ड्रॉवर उघडून चमचा काढला, मुकाट्याने चार घास खाल्ले आणि झोपायला गेली.

"हिचं काहीतरी लपवणं चाललंय," सुचित्रा नवऱ्याला म्हणाली. "मुलगा असणार कुणीतरी."

"अमेरिकन झाली, एवढंच," गुरुदत्त म्हणाले. तरी तेही दुखावले होते. मृणालिनीला त्यांनीच तबला शिकवला होता. मंडळाच्या गणपतीत बापलेक एकत्र वाजवायचे. आता तिने तबला सोडून गळ्यात ड्रम अडकवला होता आणि त्यासाठी उन्हाळ्यातली चांगली नोकरी नाकारली होती. कोअरमध्ये एकविसाव्या वर्षानंतर राहता येत नाही. तिचे एकविसावे वर्ष ऑगस्टच्या शेवटी संपत होते, म्हणजे हा शेवटचाच उन्हाळा. आणखी दोन आठवड्यांनी राष्ट्रीय स्पर्धा होती. फोनवर ती दुसरे काही बोलतच नसे.

त्यामुळे तासाभराच्या अंतरावरच्या गावात कोअरची स्पर्धा आहे असे कळल्यावर दोघांनी जायचे ठरवले. सुचित्राला तो मुलगा कोण ते बघायचे होते. गुरुदत्तांनी नायगाऱ्याला जाताना घेतलेली दुर्बीण बरोबर घेतली. गाडी गिरीशची. गिरीश मूळचे नागपूरचे, गुरुदत्तांच्याच बेअरिंगच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि कुठेही चला म्हटले की तयार.

दुपारपासून पाऊस लागला होता. शाळेच्या फुटबॉल मैदानाच्या ॲल्युमिनियमच्या बाकांवर पाणी साचले होते. मागच्यांना दिसत नाही म्हणून छत्र्या उघडायला बंदी होती. दारात काळ्या कचऱ्याच्या पिशव्या वाटत होते. त्यांना भोक पाडून डोके बाहेर काढायचे.

"राजेहो, हे बरंय," गिरीश पिशवीतून डोके काढत म्हणाले. "तिकडे लग्नात बँडवाले भिजतात अन् वऱ्हाडी मांडवात बसतात. इथे सगळेच भिजा!"

"तुम्ही दहीभाताचा डबा तेवढा पिशवीच्या आत धरा, भावजी," सुचित्रा म्हणाली.

पहिला संघ मैदानात आला. उंच टोप्या, भिजून लोंबणारे तुरे, चिखलात पांढरे बूट. बिगुलवाले पुढे, ड्रमवाले मधोमध, झेंडेवाल्या मुली कडेने. गुरुदत्त कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघत. त्यांचे लक्ष आधी परीक्षकांकडे गेले. हिरवे शर्ट घातलेली माणसे पाटी आणि पेन घेऊन चक्क वाजवणाऱ्यांच्या रांगांमधून फिरत होती. ही पद्धत मृणालिनीने फोनवर सांगितली होती. कुणाचा हात पुढेमागे पडला की पाटीवर एक टिक आणि प्रत्येक टिकेला दशांश गुण कमी. चांगले वाजवण्याचे गुण वेगळे. पण स्पर्धा हरतात ती टिकांवर.

"म्हणजे आपलंच इन्स्पेक्शन," गिरीश म्हणाले. "फक्त बेअरिंगला तुरा लावलाय."

दुर्बिणीतून बघताना गुरुदत्तांना एक गोष्ट दिसली. ड्रमच्या पुडीवर, वरच्या ताणलेल्या पडद्यावर, पावसाचे पाणी साचत होते. ती प्लास्टिकची, पण गुरुदत्त तिला तबल्यासारखी पुडीच म्हणत. काठी पडली की ते पाणी कारंज्यासारखे वर उडायचे. स्नेअर, म्हणजे ताशासारखा कडक वाजणारा ड्रम, वाजवणारे नऊ जण ओळीत उभे होते आणि नऊ कारंजी एकदम उडत होती. एका जागी टोकाचे कारंजे जरासे मागाहून उडाले.

"शेवटचा उशिरा आला," गुरुदत्त म्हणाले.

त्याच क्षणी हिरव्या शर्टवाल्याचे पेन पाटीवर टेकले.

"अबे, इथून ऐकू आलं तुला?"

"ऐकू नाही आलं. दिसलं."

दुसऱ्या संघालाही त्यांनी असेच पाहिले. "लय बरी आहे, पण तिसरा घाई करतोय. मधल्या दोघांचे हात एका उंचीला उठत नाहीत." दर वेळी पेन त्यांच्या बोलण्यामागून टेकत होते. गिरीशला मजा वाटायला लागली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी अमेरिकन बाई वळून दुर्बीण मागू लागली. गुरुदत्तांनी दिली नाही.

मग मृणालिनीचा संघ आला. आठ स्नेअर. टोप्यांचे पट्टे हनुवटीखाली, चेहरे सगळे सारखेच. सुरुवात संथ होती. आठ कारंजी एकदम उडत होती आणि गुरुदत्त, मनाविरुद्ध का होईना, मान डोलवत होते. नंतर दुगुन आली, लय दुप्पट झाली. सोळा हात दिसेनासे झाले.

कारंजी सातच होती.

त्यांनी दुर्बीण पुसली, पुन्हा लावली. डावीकडून तिसरा ड्रम. काठ्या इतरांइतक्याच वेगाने खालीवर होत होत्या. पण खाली येऊन पुडीच्या बोटभर वर थांबत होत्या. पुडीवर पाणी निवांत साचलेले होते, पावसाचे थेंब त्यात पडत होते आणि विरत होते. तेवढ्यात हिरव्या शर्टचा परीक्षक त्याच ड्रमसमोर येऊन उभा राहिला. त्याने मान तिरकी करून कान दिला. पेन हलले नाही. तो पुढे गेला.

"अगं, डावीकडून तिसरी कोण?"

सुचित्राला दुर्बीण लागली नाही. "मृणालच की. टाच आधी आपटते. चालायला लागली तेव्हापासूनची सवय."

संथ भाग परत आला. आठवे कारंजे परत उडाले. दुगुन आली, बंद झाले.

गुरुदत्तांच्या हातात दुर्बीण जड झाली. ही लबाडी त्यांना नवी नव्हती. कारखान्यात एका शिफ्टचे खराब माल निघायचे प्रमाण अचानक घटले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळले की शंका असलेले बेअरिंग ते लोक तपासणीला पाठवतच नव्हते. जो वाजवत नाही त्याच्या नावावर टिक पडत नाही. हे मृणालिनीला एकटीला सुचले असेल? कडेला रेनकोट घातलेला तिचा ड्रमचा शिक्षक डेनिस उभा होता. तो आठही ड्रमकडे बघत नव्हता. तो परीक्षकाकडे बघत होता.

वाजवणे संपवून संघ मैदानाबाहेर पडला. लोक उभे राहून ओरडत होते.

"काय वाजवलं पोरीनं!" गिरीश म्हणाले.

"वाजवलं नाही," गुरुदत्त म्हणाले आणि उठले.

बसजवळ मुलेमुली ड्रम उतरवत होती. मृणालिनीने टोपी काढली. केस कपाळाला चिकटले होते. ड्रम अजून गळ्यातच होता, हातांत पांढरे मोजेही होते. तिने धावत येऊन आईला बाजूने, डाव्या हाताने मिठी मारली.

"आई, यू केम! गिरीशकाका, हाय! बाबा, कसं वाटलं?"

"खाऊन घे आधी," सुचित्राने डबा उघडला. तिची नजर मात्र आजूबाजूच्या मुलांवरून फिरत होती. "दहीभात आहे. लोणचं वेगळं."

"ऑसम. चमचा?"

"नाही आणला. तुला कुठे लागतो?"

मृणालिनी डब्याकडे बघत राहिली. "नंतर खाते."

तेवढ्यात डेनिस आला. त्याने सुचित्राशी, गिरीशशी, गुरुदत्तांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केले. पेन आमच्यापाशी जवळजवळ टेकलंच नाही, म्हणाला. तुमच्या मुलीने तर दोन आठवड्यांत एकही टिक दिलेली नाही. बोलता बोलता त्याने मृणालिनीच्या उजव्या खांद्यावरची काठ्यांची पिशवी काढली आणि तिच्या डाव्या खांद्यावर अडकवली. विचारले नाही, थांबला नाही. हे रोजचे असावे तसे केले.

गुरुदत्तांनी ते पाहिले.

"तिच्या ड्रमवरचं पाणी उडत नव्हतं," ते इंग्रजीत म्हणाले.

डेनिस हसला. "सर, पावसात पुडी निसरडी होते. मुलं हलक्या हाताने वाजवतात."

"सात जणांचं उडत होतं."

डेनिसचे हसू गेले नाही.

"बाबा, प्लीज," मृणालिनी मराठीत म्हणाली. "इथे नको. सगळे ऐकताहेत."

"मराठी कुणाला कळतंय? तू वाजवत होतीस का?"

"अफकोर्स वाजवत होते!"

सुचित्राचे या बोलण्याकडे लक्ष नव्हते. तिला टिक आणि दुगुन यांतले काही कळले नव्हते. ती मुलीच्या हाताकडे बघत होती.

"त्या रात्री चमचा डाव्या हातात होता तुझ्या," ती म्हणाली. "मी मेली चमच्याकडेच बघत बसले. उजवा हात दाखव."

"आई, काही नाहीये."

"ग्लव्ह काढ."

मृणालिनीने काढला नाही. गुरुदत्त तिच्या ड्रमकडे बोट दाखवून म्हणाले, "वाजव. तेवढा फास्ट भाग. मला ऐकू दे. बरोबर आला तर मी माफी मागतो, तुझी आणि ह्यांची."

तिने डेनिसकडे पाहिले. डेनिसने पावसाकडे पाहिले. मग तिने जबडा आवळला, काठ्या काढल्या आणि सुरू केले.

पाणी उडाले. काय उडाले! गुरुदत्तांच्या चष्म्यावर आले. हात स्वच्छ, दोन्ही बाजूंना वजन सारखे, आणि मधे एक बोल असा फिरवून आणला की तो कुठून आला आहे ते गुरुदत्तांना लगेच कळले. तो त्यांनीच शिकवला होता. क्षणभर त्यांना वाटले, आपण चुकलो. चुकलो तर किती बरे.

मग उजवी काठी तिच्या बोटांतून सुटली आणि चिखलात पडली.

ती वाकली आणि काठी तिने डाव्या हाताने उचलली. उजवा हात ड्रमवर तसाच पडला होता. मनगट पांढऱ्या हातमोज्यातही जाड दिसत होते.

"कधीपासून?" गुरुदत्तांनी विचारले.

"चार्ल्सटनच्या स्पर्धेच्या आधी, दोन आठवडे झाले. टेप लावला की बरं असतं. स्लो पार्ट होतो, फक्त फास्ट..." ती थांबली. "बाबा, दोनच आठवडे. नॅशनल्सपर्यंत. नंतर मी डॉक्टरकडे जाईन, प्रॉमिस. आठ जणांच्या ड्रिलमधून एक गेला तर अख्खं ड्रिल बदलावं लागतं. आणि कळलं तर ते काढतीलच मला. इट्स माय लास्ट इयर."

गुरुदत्तांनी चष्म्यावरचे पाणी पुसले. इतक्या वर्षांत तिने त्यांच्याकडे असे काही मागितले नव्हते.

"लिनी," डेनिस शांतपणे म्हणाला, "तूच ठरव. तुझ्या वडिलांचा काहीतरी गैरसमज झालाय. तू आज वाजवलंस की नाही, ते तूच सांग. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन."

मृणालिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"यू सेड नोबडी वुड नोटिस," ती म्हणाली.

डेनिसने आजूबाजूला पाहिले. बाकीचे सात जण हातातली कामे थांबवून उभे होते. मृणालिनीने डाव्या हाताने पट्ट्याचे हूक काढले. एक निघेना. गिरीश पुढे झाले आणि त्यांनी ते काढून दिले. तिने ड्रम डेनिसच्या हातात दिला.

डेनिसने खिशातून टॉवेल काढला आणि आधी पुडीवरचे पाणी पुसले. मग तो ड्रम घेऊन बसमागे गेला.

"मी बघत होते कोणी मुलगा आहे का," सुचित्रा गिरीशला हळूच म्हणाली.

"वहिनी, मुलगा असता तर बरं झालं असतं," गिरीश म्हणाले. "निदान डबा तरी खाल्ला असता."

मृणालिनी रडता रडता हसली. ते चौघे परत बाकांवर जाऊन बसले. शेवटचा संघ यायचा होता आणि तो बघितल्याशिवाय मृणालिनी निघणार नव्हती. डॉक्टरकडे तिथूनच जायचे ठरले. सुचित्राने दहीभाताचा घास कालवला आणि भर स्टेडियममध्ये, सोनेरी बटणांच्या गणवेशात बसलेल्या वीस वर्षांच्या मुलीला भरवला. मघाची म्हातारी वळून बघू लागली. मृणालिनीने तोंड उघडले.

"तुझे ते बाकीचे सात," गुरुदत्तांनी विचारले, "त्यांना माहीत होतं?"

"दोघांना असेल. बाजूला उभं राहिलं की कळतं." तिने घास गिळला. "कोणी काही बोललं नाही."

"आणि दुसऱ्या कोअरमध्येही असं करतात?"

तिने खांदे उडवले.

पाऊस थांबला होता. शेवटचा संघ दारातून आत येण्याआधी त्यांच्या मदतनिसांनी टॉवेलने एकेक ड्रम कोरडा केला. दहा स्नेअर मधोमध उभे राहिले. हिरव्या शर्टचा परीक्षक त्यांच्यापाशी गेला. संथ भाग झाला, दुगुन आली. वीस हात दिसेनासे झाले आणि पेन एकदाही हलले नाही. लोक उभे राहिले.

गुरुदत्तांनी दुर्बीण या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली.

"सगळे वाजवताहेत का गं?"

मृणालिनीने डोळे मिटून कान दिला. बराच वेळ.

"सांगता येत नाही, बाबा."

गुरुदत्तांनी दुर्बीण खाली ठेवली नाही.