मशीनमधलं नागपूर

कॉम्प्युटरवर नवी विंडोज घ्यायची की जुनीच चालू द्यायची, एवढ्याशा गोष्टीसाठी स्नेहसंगम वधू-वर केंद्राने पुन्हा एकदा बैठक बोलावली, तेव्हा मीराबाईंना हसावं की रडावं कळेना. केंद्राचे अध्यक्ष त्यांचेच यजमान, दत्तोपंत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला कुणी उरलं नाही, म्हणून रायपुरातल्या मराठी पोरापोरींच्या पत्रिका जुळवायचं काम या माणसाने अंगावर घेतलं होतं. स्वतःला ज्योतिषातलं ओ की ठो कळत नव्हतं. जे काय कळायचं ते मशीनला.

तेलीबांध्याच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर ते मशीन भरतकामाच्या कापडाखाली बसलेलं असे. दर खंडेनवमीला दत्तोपंत त्याला हळदकुंकू वाहत. ते कुंकू आत पंख्यात जाई, मशीन घरघरू लागे, आणि दत्तोपंत कौतुकाने म्हणत, "पाहा, कसं बोलून राहिलं!" अशा माणसाच्या हातात लोक आपल्या लेकरांची लग्नं देत होते. मीराबाईंना त्या लोकांची कीव येत नसे. लोकांचाही रागच येई.

त्यांच्या रागाला कारण होतं. त्यांची श्रावणी, चांगली शिकलेली, नव्या रायपुरात नोकरी करणारी, तिशी ओलांडून लग्नाविना बसली होती, कारण मशीनने तिला मंगळाची ठरवलं होतं. चिरागचं स्थळ आलं तेव्हा दोघं एकमेकांना पसंत होती. पण दत्तोपंतांनी आपणहून, छाती फुगवून, चिरागच्या आईला सांगितलं, "अंजनाबाई, नियम म्हणजे नियम. माझी मुलगी असली म्हणून काय झालं? बाराव्या घरात मंगळ आहे." सगळ्या केंद्राने त्यांच्या सचोटीच्या आरत्या ओवाळल्या. श्रावणी त्यानंतर बापाशी कामापुरतं बोलू लागली. चिराग अजून बिनलग्नाचाच होता, आणि अंजनाबाई अजून मंगळालाच भीत होत्या.

केंद्राची चिटणीस गंधाली बँकेत नोकरीला होती. तिने दत्तोपंतांना निक्षून सांगितलं, "काका, ये विंडोज तो कब की मर चुकी है. नया सिस्टम लेना पड़ेगा." नव्यावर जुना पत्रिकेचा प्रोग्राम चालणार नव्हता. तोही नवा घ्यावा लागणार होता. नमुना दाखवायला ती बैठकीच्या आदल्या दिवशी आपला लॅपटॉप घेऊन चौबे कॉलनीत त्यांच्या घरी आली.

"कोणाची पत्रिका टाकू?" तिने विचारलं.

"श्रावणीची टाक," मीराबाई म्हणाल्या.

गंधालीने जन्मतारीख, वेळ आणि रायपूर घातलं. पडद्यावर पत्रिका उमटली. मंगळ अकराव्या घरात. दोष नाही. गंधालीने वेळ पुन्हा तपासली आणि मान वर केली. "काका, पुराने में जन्मस्थान क्या डाला था?"

दत्तोपंत घसा खाकरत म्हणाले, "नागपूर."

"नागपूर काहून?" मीराबाई ताडकन बोलल्या. "पोरगी इथं झाली. मी काय नागपूरला गेली होती?"

"अगं, त्या प्रोग्राममध्ये फक्त महाराष्ट्रातलीच गावं आहेत. रायपूर नाहीच त्यात. नागपूर त्यातल्या त्यात जवळ. आणि आपण मूळचे तिकडचेच ना? सूर्योदयात दहा मिनिटांचा फरक! त्यानं काय होते?"

"पत्रिकेतलं लग्न बदललं ना काका," गंधाली म्हणाली. "मंगळाचं घर बदललं."

"आणि बाकीच्यांचं?" मीराबाईंनी विचारलं.

"सगळ्यांचंच नागपूर टाकत आलो," दत्तोपंत म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा खाली आला होता. मग तो एकदम चढला. "हे बाहेर जायला नको. इतकी वर्षं मी लग्नं लावून राहिलो, लोक माझ्या तोंडात शेण घालतील. नव्या विंडोजची काही गरज नाही. जुनं ठीक चालून राहिलं."

"आणि श्रावणी?"

"तिचं आपण पाहू. चिरागचंच स्थळ पाहिजे असं थोडंच आहे?"

हा माणूस तत्त्वाचा आहे म्हणून मीराबाईंनी पोरीचं रडणं गिळलं होतं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. नुसती खुर्ची होती, आणि तिला चिकटून बसलेला एक भित्रा म्हातारा. त्यांना त्याची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण त्याच्या छाती फुगवण्याला त्यांनीही कधीकाळी मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. दत्तोपंत भाषणाला उभे राहिले. नव्या विंडोजमुळे घराघरातली माहिती परदेशात जाते, नवे प्रोग्राम आपल्या परंपरेला जाणत नाहीत, आणि आपलं मशीन म्हणजे घरचं माणूस आहे, असं ते बराच वेळ सांगत राहिले. लोक माना डोलावत होते. गंधाली खाली मान घालून बसली होती. पुढच्या रांगेत अंजनाबाई होत्या, मागच्या दाराशी श्रावणी उभी होती. तिला काल रात्रीच आईने सगळं सांगितलं होतं.

"तर मग जुनीच विंडोज ठेवायची, मंजूर?" दत्तोपंतांनी विचारलं.

"थांबा," मीराबाई उठल्या. "आधी मले एक सांगा. इथं नागपुरात जन्मलेलं कोण कोण आहे? हात वर करा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणी भिलाईला जन्मलेलं, बहुतेक इथेच, रायपुरातल्या गुढियारीत नाहीतर आसपास. एकही हात वर गेला नाही.

"मीरा, खाली बस," दत्तोपंत दबक्या आवाजात म्हणाले.

म्हातारे श्यामराव कौतुकाने म्हणाले, "एकच तर आहेत वहिनी, आपले दत्तोपंत! खास नागपूरचे."

"बरोबर," मीराबाई म्हणाल्या. "म्हणून या मशीनमध्ये एकट्या यांचीच पत्रिका खरी आहे. तुम्हा सगळ्यांना, तुमच्या पोरांना यांनी नागपुरात जन्माला घातलं. रायपूर सापडलं नाही म्हणून. आणि कालपासून हे यांना माहीत आहे."

हॉलमध्ये एक खुर्ची सरकली, मग दुसरी. एका बाईने नवऱ्याचा हात धरून त्याला काहीतरी विचारायला सुरुवात केली.

अंजनाबाई हळूच म्हणाल्या, "मग श्रावणीचा मंगळ?"

"तो नागपूरला आहे. आमच्या घरी आलाच नव्हता."

"मग आम्ही रविवारी येऊ का?"

मीराबाईंनी दाराकडे पाहिलं. श्रावणी पुढे आली. तिने बापाकडे एकदाही पाहिलं नाही.

"चिरागला एकट्याला पाठवा, काकू," ती म्हणाली. "माझ्याशी बोलायला पत्रिका लागत नाही, एवढं त्याला कळतं का, ते मला आधी पाहायचंय."