रंगू जुगाऱ्याचा पार्ट

धनीरामने डबा हलवला आणि समाजमंदिरातली कुजबुज एकदम थांबली. खडखड, खडखड, खडखड... आणि टप्प! डबा चादरीवर पालथा. तो लगेच उचलायचा नाही. वर तळहात ठेवून, डोळे बारीक करून, समोरच्या प्रत्येकाकडे असा बघायचा, की ज्याने जन्मात पत्त्याला हात लावला नाही त्यालाही वाटावं, आपलंही काहीतरी ह्या डब्याखाली आहे आणि आता ते जातंय!

"वा रे धनीराम!" चिंधू शिंप्याने मांडीवर थाप मारली. "पार्ट करावा तं असा!"

सगळे हसले, फक्त नंदिनी हसली नाही. ही अकरावीतली पोरगी म्हणजे धनीरामची मुलगी आणि ह्या दंडारीची, म्हणजे ह्या लोकनाटकाची, लेखिका. हो, लेखिकाच! 'लेखिका कुमारी नंदिनी धनीराम दिघोरे' असं येत्या मंडईच्या जत्रेची दवंडी देणाऱ्या भोंग्यावरून जाहीर झालं होतं, आणि ते ऐकायला ती पाणी भरायच्या निमित्ताने तीनदा चौकात जाऊन आली होती. पण आज तिचं लक्ष बाबांच्या डोळ्यांकडे होतं. डबा उचलून झाला, पार्ट संपला, चिंधू चहा ओतायला लागला, तरी बाबांचे डोळे त्या ठोकळ्यांवरून हलत नव्हते. एका ठोकळ्यावर झेंडा वर आला होता, दुसऱ्यावर मुकुट. जणू कोणीतरी त्यांना आतून हाक मारत होतं.

दंडार बसवणारा हा गट सुरू केला होता मालनबाईने. तिचा नवरा सट्ट्याच्या नादात घर सोडून गेला तो परतलाच नाही. मग तिने ठरवलं, गावात ज्याला ज्याला असला नाद आहे त्याला आणि त्याच्या घरच्यांना रविवारी दुपारी एका चटईवर बसवायचं. चिंधू शिंपी तीन पत्तीवाला, ऑटोवाला धर्मेंद्र मोबाइलवरच्या रमीवाला, आणि तळ्यावर मासे धरणारा धनीराम डब्यातल्या ठोकळ्यांवर पैसे लावायच्या झंडीमुंडीवाला. गावातली टवाळ पोरं 'जुगाऱ्यांची भिशी भरली बे!' म्हणून ओरडायची. म्हणेनात! गटात एकच नियम होता: आपलं आपण सांगायचं, दुसऱ्याला शिकवायचं नाही. नंदिनी आईबरोबर जायची आणि 'बाबा असे करतात, बाबा तसे करतात' म्हणून सुरू व्हायची. मालनबाई तिला थांबवायची, "बाबाचं बाबा सांगन. तू तुह्यं सांग." मग नंदिनीची गाडी तिथेच बंद.

वर्षभर धनीराम त्या चटईवर बसला आणि वर्षभर झंडीमुंडीच्या वाटेला गेला नाही.

आणि मग डोकं चालवलं ते नंदिनीने. दिवाळी झाली की ह्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, दुकानं लागतात, पाळणे फिरतात, भरदिवसा दंडार रंगते. "यंदा गटाचीच दंडार बसवू, जुगारावर!" ती म्हणाली आणि सगळ्यांनी उचलून धरलं. रंगू जुगाऱ्याचा पार्ट कोणाला? ज्याला येतो त्याला! झाडीपट्टीच्या माणसाला नाटक म्हटलं की दुसरं काही दिसतच नाही. चटईवरच्या एकालाही सुचलं नाही, की ज्याच्या हातातून वर्षभर डबा सोडवला, त्याच्याच हातात आपण तो रोज तालमीला देतोय.

पहिल्या तालमींना साधा चहापत्तीचा डबा आणि चिंचोके होते. आज मात्र खरे ठोकळे आले होते.

घरी येताना नंदिनीने विचारलं, "बाबा, हे ठोकळे कोठून आणले?"

"मागून आणले."

"कोणाले?"

"शेजारच्या गावची मंडई होती ना परवा. तेथल्या झंडीमुंडीच्या पटवाल्याले. जुने होते त्याच्यापाशी." धनीराम भरभर चालू लागला. "खेळलो गिळलो नाई. पार्टासाठी पाहून आलो, कसा बसते, कसा बोलते. काहून एवढं विचारून राहिली?"

नंदिनी मागून चालत राहिली. पण घरी जाळं दुरुस्त करताना बाबांनी एकच गाठ चारदा उसवली. जेवताना बोटं ताटाच्या काठावर टकटक करत होती. बोलता बोलता ते उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे, आणि कशाला उठलो ते विसरायचे.

तिने आईला गाठलं. "आई, बाबांचा पार्ट काढून टाकू काय?"

रेवताबाई मासे साफ करत होती. तिने विळीवरून मान वर केली. "पागल झाली काय वो? पयल्यांदा लोक तुह्या बापाले चांगलं म्हणून राहिले. काल तेजराम पाटील सोताहून थांबून बोलला त्यायच्यासंग. आणि तू काढतं पार्ट?"

खरंच होतं ते. आणि आणखी एक खरं होतं, जे नंदिनीने आईला सांगितलं नाही: बाबांशिवाय तिची दंडार पडणार होती. भोंगा, टाळ्या, 'लेखिका कोण, लेखिका कोण', सगळं गुल! म्हणून ती गप्प बसली.

मंडईच्या दिवशी सकाळपासून घरात पाहुणेच पाहुणे. आत्याबाईंना चहा, मामांना वडे, लहान पोरांना फुगे. दुपारी दंडार. बाबा रंगूच्या वेशात तयार झाले: लाल फेटा, काजळाची मिशी, गळ्यात रुमाल. नंदिनी आत ओढणी शोधायला गेली. बाहेर आली तर बाबा नाहीत.

"आई, बाबा?"

"आत्ता तं होते."

ती पळत सुटली. जिलेबीचं दुकान, बांगड्यांचं दुकान, पाळणा. मंडईत सगळं गाव आणि त्यावर चार गावं, कोणाचा धक्का कोणाला लागतोय पत्ता नाही. "अवो लेखिकाबाई, पाय आहे ना माहा!" कोणीतरी ओरडलं. तिने वळूनही पाहिलं नाही, कारण कान पुढे लागले होते. खडखड, खडखड. पिंपळामागे. झेंडा, मुकुट आणि पत्त्यांची चित्रं रंगवलेला पट जमिनीवर पसरलेला, भोवती माणसांचं कडं, आणि त्या कड्यात लाल फेटा.

"आला बे पार्टवाला!" एक जण खिदळला. "स्टेजवर काय दाखवतं, येथं दाखव ना!"

"खेळून दाखव रे रंगू!"

धनीराम हसत होता. पण ते हसू काजळाच्या मिशीसारखंच वरून काढलेलं होतं. त्याचा उजवा हात खिशात होता.

नंदिनीच्या तोंडावर सगळं आलं होतं. बाबा, तुम्ही असे कसे, तुम्ही शब्द दिला होता, तुम्ही आईला काय सांगाल! ती आत घुसली, त्याच्या बाहीला धरलं, आणि त्यातला एकही शब्द बाहेर पडला नाही.

"बाबा, मले भेव वाटून राहिलं," ती म्हणाली. "माहंच चुकलं. मले दिसत होतं, तरी मी बोलली नाई. मले टाळ्या पायजे होत्या."

कड्यातले दोघे-तिघे जरा मागे सरकले. पटवाल्याने, बाबांना जुने ठोकळे देणाऱ्या त्याच माणसाने, डबा हलवायचं थांबवलं नाही.

धनीरामने खिशातला हात बाहेर काढला. मूठ बंदच होती. तो तिच्याकडे न बघता, पटाकडे बघतच बोलला, अगदी हळू. "त्या दिवशी खेळलो मी. ठोकळे आणाले गेलो ना, तई."

नंदिनीला वाटलं, आपला हात त्याच्या बाहीवरून आपोआप सुटेल. इतका राग आला होता तिला! वर्षभराचे रविवार, आईने त्याच्यासाठी धरलेले उपास, सगळं त्या एका दिवशी ह्याने टाकलं होतं, आणि वर 'खेळलो गिळलो नाई' म्हणाला होता! पण हात सुटला नाही.

"ने मले येथून," धनीराम म्हणाला. "माह्यानं जावाले नाई होऊन राहिलं. वढ."

मग तिने ओढलं. भर मंडईतून, काजळाची मिशी लावलेल्या बापाला. लोक हसले. त्यांना वाटलं, दंडारीचाच भाग आहे.

स्टेजमागच्या कनातीत मालनबाई, चिंधू आणि धर्मेंद्र होते. धनीरामने फेटा काढला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मालनबाई कपाळाला हात लावून खाली बसली.

"आमीच अकलेचे कांदे," ती म्हणाली. "दारुड्याले बाटलीचा पार्ट देल्ला."

"पण पार्ट सोडला तं गाव काय म्हणन?" धनीरामने विचारलं. "पाहुणे बसले आहेत समोर."

भोंग्यावर लेखिकेचं नाव पुकारलं जात होतं. नंदिनीने फेटा उचलला. "मी करतो रंगू," ती थेट रंगूच्या आवाजात म्हणाली आणि सगळे बघत राहिले. "काय झालं? दंडारीत बाप्ये बाया होतात, तं बाई बाप्या झाली तर कोणाचं काय गेलं?"

धर्मेंद्र ठोकळे घेऊन पटवाल्याकडे परत द्यायला पळाला. चिंधूने धनीरामच्या हातात टाळ दिले आणि त्याला आपल्या बाजूला, मागून सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांत उभं केलं.

दंडार झाली. कशी झाली म्हणाल तर धमाल! ठोकळे नव्हतेच, नंदिनी हवेतच डबा हलवत होती आणि तोही उलटा. "पोट्टीले खेळताच नाई येत!" कोणीतरी ओरडलं आणि मांडव हसून लोळला. तिला आयुष्यात असं कौतुक मिळालं नव्हतं. तरी प्रत्येक वाक्यानंतर तिची मान झिलकऱ्यांकडे वळायची. आहेत ना? आहेत. पुन्हा वळायची. बाबांचा टाळ ताल सोडून कुठेतरी भलतीकडेच वाजत होता, पण वाजत होता.

दंडार संपली, मंडई नव्हती संपली. पिंपळामागे खडखड चालूच होती आणि दुकानं दिवेलागणीपर्यंत उठणार नव्हती. घरी आल्यावर धनीरामला बसवेना. तो अंगणातून निघाला तो तळ्याच्या पाळीवर गेला आणि चालू लागला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत. परत.

चिंधू त्याच्याबरोबर चालू लागला. थोड्या वेळाने त्याचे पाय दुखले, तेव्हा धर्मेंद्र आला. मग मालनबाई, पदर खोचून. रेवताबाई वड्यांची थाळी घेऊन आली, थाळी हातातच धरून एक फेरी मारून गेली.

मग नंदिनी आली. काजळाची मिशी अजून तिच्या ओठांवर पसरलेली होती.

"आता तू?" धनीराम थांबला नाही.

"आता मी."

"तुह्यी दंडार चांगली झाली वो."

"रविवारी बोलू. चला, वळा."

ते वळले.