उजवीकडची खुर्ची

मी लाकडाचं हेलिकॉप्टर. हातभर लांब, अंगाने हिरवा, आणि आज राहवत नाही म्हणून बोलतोय. एरवी मी सावकाश माणूस. माणूस कसला, लाकूड! आम्हाला वाढायलाही वर्षं लागतात आणि वाळायलाही. पण आज सकाळी घरातला फोन वाजला आणि तेव्हापासून माझी पाती नुसती थरथरताहेत. गोटी आज या गावावरून उडत जाणार आहे! कोण गोटी, ते सांगतो. ती यायला अजून वेळ आहे.

आधी मी कापडाच्या दुकानातला काउंटर होतो. सागाची जाडजूड फळी. गिऱ्हाइकं माझ्यावर कोपरं टेकून म्हणायची, "जरा गडद दाखवा." सगळे तागे उलगडायला लावायची आणि शेवटी पहिलाच न्यायची. माणसाच्या मनात पहिल्यांदा भरतं तेच खरं, पण ते कबूल करायला त्याला अख्खं दुकान उलथंपालथं करावं लागतं. मी शाळा पाहिली नाही. जे शिकलो ते या कोपरांखाली.

पुढे दुकानात काचेचा काउंटर आला आणि मला एका सुताराने घरी आणलं. त्याचं काम चालतं घराला लागूनच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे भिंतीला टेकून पडलो. अंगावर खिळ्यांचे डबे, रंगाचे डबे आणि मांजर.

सुतार बोलायला कमी. त्याची बायको कपडे शिवते. तिचं मशीन आणि तोंड बरोबरीने चालतं. त्यांची एकुलती एक मुलगी गोटी. लहानपणी एका जागी ठरायची नाही, सोडली की घरंगळत कुठल्या कुठे, म्हणून गोटी. ही गोटी मोठी होऊन सैन्यात गेली आणि थेट हेलिकॉप्टर चालवायला लागली. तेव्हापासून त्या एका विषयावर आईच्या तोंडाला टाका पडला.

मुलीचा फोन आला की आई म्हणायची, "जेवलीस का? अंगावर पांघरूण घेतेस ना? बरं, घे, बाबांशी बोल."

"आई, एकदा तळावर ये ना. माझं हेलिकॉप्टर बघ तरी."

"मला नाही बघायचं. पत्र्याचा डबा तो. डबे काय घरात कमी आहेत?"

आकाशात घरघर ऐकू आली की ती घरातल्या खिडक्या धडाधड लावून घ्यायची. "धूळ येते," म्हणायची. ढगातून कसली धूळ यायची! भीती होती ती.

सुताराला समजूत घालायची होती, पण शब्द त्याच्या हातात नव्हते. हातात होती पटाशी. एका सकाळी त्याने माझ्यावरचे डबे उतरवले, मांजर उतरवलं, मला टकटक वाजवलं आणि कान लावला. मला वाटलं, झालं, आता स्टूल होणार. पण त्याने पेन्सिल घेऊन माझ्या अंगावर पोट सुटलेला मासा काढला! मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

करवत लागली तेव्हा दुखलं, खोटं का बोलू. पण रंधा फिरायला लागला आणि माझी जुनी काळपट साल निघून आतून केशरी अंग वर आलं, तेव्हा मला गुदगुल्या व्हायला लागल्या. गोटीने पाठवलेले तिच्या हेलिकॉप्टरचे फोटो फोनवर लावून तो फोन सरसाच्या भांड्याला टेकवून ठेवलेला. सुतार एकदा फोटो बघायचा, एकदा मला, आणि केसभर तासायचा. माझं छप्पर झाकणासारखं उचलता येतं. शेपटीखालचं दार उघडून खाली टेकतं, त्यावरून माणसं आणि पोती आत जातात.

सुताराचा दोस्त रंगारी रोज येऊन बसायचा.

"काय रे, याला तोफ कुठे आहे?"

"नाही. हा हमाल आहे. माणसं न्यायची, सामान न्यायचं."

"मग हेलिकॉप्टर कशाला म्हणतोस? टेम्पो म्हण की!"

पात्यांवरून मात्र बाप-लेकीचं वाजलं. सुताराने पाती सरळसोट केली होती. गोटी फोनवर म्हणाली, "बाबा, उभं असताना पाती खाली झुकतात. फिरायला लागली की सरळ होतात."

"माझ्या हातून वाकडं काम? जन्मात केलं नाही!"

"मग आता करा."

चिडला, पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेला आणि माझी पाती वाफेवर धरून बसला. बायको आली.

"माझ्या पातेल्यात काय शिजतंय?"

"पाती."

"म्हणजे आज जेवायला हेलिकॉप्टर?"

ती फणकाऱ्याने वळली. दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "गॅस बारीक करा. तडकतील." एवढंच. पण मी ओळखलं. ताग्यावरून हात मागे घेताना ज्या गिऱ्हाइकाची दोन बोटं तिथेच रेंगाळतात, ते तोच तागा नेतं.

मग आतल्या खुर्च्या झाल्या. माझ्याच तुकड्यांतून अंगठ्याएवढी दोन माणसं कोरली. फोटोत गोटी डावीकडे बसलेली, म्हणून पांढऱ्या शिरस्त्राणाची गोटी डाव्या खुर्चीत सरसाने चिकटवली. उजवीकडच्याला रंगाऱ्याने झुबकेदार मिशी काढली. "कप्तान म्हणजे मिशी हवी!"

आई चहा घेऊन आली होती. माझं छप्पर बाजूला होतं. कप ठेवता ठेवता तिची नजर आत गेली आणि तिथेच राहिली.

"ही ती?"

"हं."

"हिचा पट्टा कुठाय?"

"कसला पट्टा?"

"एवढ्या उंचावर बसते पोरगी आणि बांधायला पट्टा नाही? असं कसं केलंत तुम्ही?" चहा तसाच टाकून गेली आणि मशीनची घरघर सुरू झाली. काळ्या फितीचे दोन पट्टे शिवून आणले, खांद्यावरून घेऊन कमरेशी अडकवायचे. तिने ते स्वतः बांधले, बोट घालून ओढून पाहिले. मिशीवाल्याचाही बांधला. "त्यालाही आई असेल," म्हणाली.

गोटी सुट्टीवर आली ती पिशवी खांद्यावरच ठेवून माझ्याकडे धावली. "बाबा! अहो, हे तर अगदी तेच!" तिने छप्पर उचललं. पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"आई, तू शिवलेस?"

"मग काय रंगाऱ्याने?"

"आई, पण यात एक चूक आहे."

आईचा चेहरा उतरला. "सैल झाला का?"

"पट्टा पक्का आहे. मी चुकीच्या जागी बसलेय." गोटी जमिनीकडे बघत म्हणाली, "आता मी कप्तान झालेय. कप्तान उजवीकडे बसतो. तुला सांगायची छाती होत नव्हती."

मी तर श्वास धरला, लाकूड असून!

"म्हणजे आता सगळं तुझ्यावर?" आईने विचारलं.

"हो."

"मागे बसलेल्या सगळ्यांचं?"

"हो, आई."

आई उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता खिडक्या लावणार. पण ती आली ती वाफाळती किटली घेऊन. सुताराने पटाशी उचलली तर म्हणाली, "ठेवा ती. पोरीचं बूड तासाल." वाफेपुढे लाकूड नरमतं, हे तिने पात्यांच्या वेळी पाहून ठेवलं होतं; मग सरस किती टिकणार! किटलीची चोच माझ्या पोटाशी धरली आणि चिमटीने हळूच हलवत त्या छोट्या गोटीला सोडवलं. मिशीवाल्यालाही तसंच सोडवून डावीकडे सरकवलं. गोटीला उजव्या खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला आणि म्हणाली, "बस आता तिथे. नीट बस." मग पदराने डोळे पुसले. वाफ गेली म्हणे डोळ्यांत.

तेव्हापासून मी शिलाई मशीनशेजारी खिडकीत असतो. एका पात्याचं टोक मांजराने उडवलंय. चालायचंच.

आणि आज सकाळी तो फोन! पुरात अडकलेल्या लोकांसाठी धान्य, औषधं घेऊन गोटी निघणार, वाट आमच्या गावावरून.

"आई, खिडक्या लावून घेशील ना? धूळ येईल."

"चावटपणा पुरे. आणि उडवताना फोनवर बोलू नकोस."

"अगं, मी अजून जमिनीवर आहे!"

थांबा. ऐकलंत? धडधड... तीच! आईने अर्धी बाही मशीनखाली तशीच सोडली, मला उचललं आणि गुडघे दुखतात म्हणणारी ही बाई गच्चीचा जिना धावत चढतेय! मागून सुतार, त्यामागे रंगारी, "अरे टेम्पो आला, टेम्पो आला!"

बाबांनो, निरोप घेतो. जाता जाता एकच मागणं. असा आवाज कानी आला की खिडकी लावू नका. वर बघा, हात हलवा. आत कुणाच्या तरी घरची गोटी बसलेली असते.

आली! केवढं मोठं तिचं हेलिकॉप्टर, माझ्यासारखंच हिरवं! आईने मला डोक्यावर धरलंय, वाऱ्याने माझी पाती फिरताहेत, मोडकंसुद्धा! आणि आई मान वर करून, जीव तोडून ओरडतेय,

"पट्टा बांधलास का गं?"

"तिला काय ऐकू जाणार आहे," सुतार म्हणतो.

"मी काय विचारतेय ते तिला ठाऊक आहे," आई म्हणते, आणि मला आणखी उंच धरते.