खिळ्यावरची किल्ली आणि बाकाखालचा मी

मी एक जुना लोखंडी स्टीअरिंग लॉक आहे. नवघरमधल्या ज्या घरात मी राहतो, तिथे मला सगळे नुसतं 'दांडा' म्हणतात. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मला जरा लाज वाटणार आहे. तिच्यात पराक्रम थोडा आणि जळफळाट फार आहे.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात झाला. शेजारच्या गाळ्यांमधून स्टीलची ताटं-वाट्या चकचकीत होऊन बाहेर पडायची. मला मात्र जाड नळी कापून, तिला दोन आकडे जोडून, वरून लाल रंग फासून तयार केलं. पोटात पितळी कुलूप बसवलं. काम एकच शिकवलं: गाडीचं स्टीअरिंग आकड्यांनी घट्ट धरायचं आणि ते फिरू द्यायचं नाही.

दशरथदादांनी मला विकत घेतलं. त्यांचे वाडवडील मिठागरात राबले, दादा स्वतः लग्नाच्या मंडपाचं सामान भाड्याने देतात. घरात तीनच माणसं. दादा, त्यांची आई मंजुळाआजी आणि मुलगी रसिका. रसिकाची आई ती लहान असतानाच वारली. दादांची जुनी पांढरी गाडी घरासमोरच्या गल्लीत उभी असायची आणि मी तिचा पहारेकरी होतो. अकरा वर्षं. एका सकाळी गल्लीतल्या दोन गाड्या गायब झालेल्या आढळल्या. आमच्या गाडीची काच फुटलेली होती, पण गाडी जागेवर होती. दादांनी सगळ्या शेजाऱ्यांसमोर मला वर उचलून दाखवलं. त्या दिवसासारखा दिवस पुन्हा आला नाही.

मग मंजुळाआजींची मूत्रपिंडं थकली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सुरू झालं. जुनी गाडी वाटेत बंद पडायची म्हणून दादांनी नवी घेतली. तिची पुढची सीट पार आडवी होते. चार तास मशीनला लागून आजी बाहेर आल्या की त्यांना बसवत नसे. त्या आडव्या सीटवर स्वतःच्या हाताने शिवलेली गोधडी अंथरून त्या घरापर्यंत पडून येत.

नव्या गाडीबरोबर ती आली. काळी, गुळगुळीत, काडेपेटीएवढी किल्ली. तिला कुठे खुपसावं लागत नाही की फिरवावं लागत नाही. ती नुसती खिशात असली तरी गाडी तिला ओळखते, दार उघडते, बटण दाबलं की सुरू होते. पहिल्या दिवशी दादांनी मला सवयीने नव्या स्टीअरिंगला लावलं, तेव्हा रसिका म्हणाली की चामड्याला ओरखडे पडतील आणि असल्या गाड्यांना दांडा कोण लावतं. दादांनी मला काढलं आणि दारापुढच्या ओट्यावरच्या बाकाखाली, चपलांच्या मागे ठेवून दिलं.

आणि तिला? तिला दाराच्या आत, चौकटीलगत खास खिळा ठोकला. आजींना घेऊन घाईने निघायचं तर किल्ली हाताशी हवी म्हणून. रसिकाने तिला मऊ पिशवी शिवली. पाहुणे आले की दादा तिचं कौतुक सांगत. मी बाकाखालून ऐकायचो. माझ्या आकड्यांवर गंज चढत होता आणि आतून मी त्याहून वेगाने सडत होतो. हिच्या अंगात दम किती, वजन किती? हिने कधी एक तरी घाव झेललाय? एकदा हिची फजिती झाली पाहिजे, एवढंच माझ्या मनात असायचं.

तो शुक्रवार होता, दुपारची वेळ. दादा स्कूटरवरून मंडपाच्या कामाला गेले होते, रसिका ऑफिसात. आजी दाराची आतली कडी लावून पडल्या होत्या. पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक माणूस ओट्यावर चढला. सामान पोचवणारा वाटावा असाच. त्याने बेल वाजवली नाही. पिशवीची बाजू दाराच्या चौकटीला टेकवून तो उभा राहिला, आत खिळा होता बरोबर तिथे. गल्लीत दुसरा माणूस गाडीला खेटून उभा होता. त्याच्याही हातात पिशवी.

ते काय करत होते, हे मला नंतर रसिकाच्या बोलण्यातून कळलं. गाडी हाक मारते आणि किल्ली सिग्नलने ओ देते, पण हा आवाज एरवी दोन पावलांपलीकडे जात नाही. त्या पिशव्यांतल्या यंत्रांनी तो गाडीपर्यंत पोचवला. गाडीला वाटलं, किल्ली जवळच आहे.

आतून आजींनी विचारलं, "कोन हाय?"

"पार्सल था माँजी, पता गलत है," तो माणूस शांतपणे म्हणाला.

गाडीने दिवे मिचकावले. दार उघडलं, इंजिन सुरू झालं. कुठे काच फुटली नाही, कुठे भोंगा वाजला नाही. मित्रांनो, मी त्या माणसाच्या पायापासून वीतभर अंतरावर होतो. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. घ्या, म्हटलं, तुमची लाडकी किल्ली खिळ्यावरच आहे आणि गाडी गेली.

तो आनंद दुसऱ्या दिवसापर्यंतच टिकला. शनिवारी दादांनी आजींना रिक्षाने नेलं. परत आल्या तेव्हा रिक्षातून उतरताच त्यांना उलटी झाली. ओट्याची पायरी चढवेना. त्या माझ्यासमोर बाकावर आडव्या झाल्या. त्यांचा हात बाकावरून खाली लोंबत होता, सुयांनी काळानिळा झालेला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याने त्यांना काय केलं होतं ते मला दिसत होतं. जी गाडी गेल्याचा मला आनंद झाला होता ती दादांची चैन नव्हती. ती या बाईचं अंथरूण होती.

मंगळवारी सकाळी त्या बाकावर येऊन बसल्या आणि उठेनात.

"मी न्हाय जात आता," त्या म्हणाल्या. "झाला तेवरा पुरे झाला."

दादांनी समजावलं, टॅक्सी बोलावतो म्हणाले. त्या मान हलवत राहिल्या. दादा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा रसिका खाली, चपलांपाशी बसली.

"आजी, दांडा मीच काढायला लावला होता," ती म्हणाली. "तू आज गेली नाहीस, तर मी रोज तेवढंच आठवत बसेन."

आजींनी तिच्या खांद्यावर हात टेकला आणि त्या उठल्या.

बुधवारी दादांच्या ओळखीच्या मेकॅनिकचा, उत्तमचा फोन आला. तो काशीमीऱ्याला कामाला गेला होता, तिथे एका गोदामामागे ताडपत्रीखाली तशीच गाडी उभी होती. नंबरची पाटी बदललेली होती. उत्तमने ताडपत्री सारून काचेतून आत पाहिलं तर आडव्या सीटवर आजींची गोधडी. मूळ किल्ली नसल्यामुळे एकदा बंद केलेली गाडी चोरांना पुन्हा सुरू करता आली नव्हती. नवी किल्ली बनवून घेईपर्यंत त्यांनी ती तिथे ठेवली होती. ती न्यायला आलेला एक जण पोलिसांच्या हाती लागला. कागदपत्रं होऊन गाडी घरी यायला बारा दिवस गेले. तोवर उत्तमने स्वतःची गाडी दिली.

गाडी आली त्या संध्याकाळी रसिकाने मला बाहेर काढलं, घासलं, तेल दिलं, आकड्यांना कापड गुंडाळलं. तिचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून किल्ली आता आतल्या खोलीत घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असते, दुसरी जादा किल्लीसुद्धा. डबा गाडीच्या दारापाशी नेऊन, दार उघडत नाही ना, हे रसिकाने स्वतः तपासलं.

मागच्या गुरुवारी डायलिसिसनंतर आजी सीटवर पडल्या होत्या. दादांना समोरच्या दुकानातून औषध आणायचं होतं. त्यांनी काचा उतरवल्या, मला लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गेले. आजींनी डोळे न उघडता हात लांब केला. तो माझ्यावर पडला आणि तिथेच राहिला. त्या झोपल्या. किल्ली दादांबरोबर दुकानात होती. इथे मी होतो.

मित्रांनो, मत्सर सुटला असं मी म्हणणार नाही. दादा तिला खिशात ठेवतात तेव्हा अजूनही काहीतरी टोचतं. पण ती बिचारी फक्त बोलावलं की ओ देते, तिला राखायला कोणीतरी लागतं. तुमच्या घरी अशी किल्ली असेल तर आज ती दारापासून दूर, पत्र्याच्या बंद डब्यात ठेवा. आणि बाकाखाली माझ्यासारखा कोणी पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. त्याला तिथे ठेवू नका. एकटं पडलं की मनात फार वाईट येतं.